स्वतःच्याच घराचं भाडं

मॅट्रिक झाल्यावर वर्षभर मी घरी बसून होते. ट्रेनिंग कॉलेजला नंबर लागायला अवकाश होता आणि आईने माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली होती. अशात आमच्या शाळेतल्या बाईंचा निरोप आला. सरकारी पाहणीसाठी सहा महिन्यांकरता माणसं हवी आहेत, घरोघर जाऊन माहिती लिहून आणायची, घरातल्या बायकांशी बोलायचं असल्यामुळे एखादी मुलगी असली तर बरं.

"घरोघर?" आई म्हणाली.

"जाऊ दे," बाबा म्हणाले. "तू तिच्यासाठी घरोघरच हिंडतेस ना? ती निदान पगार घेऊन हिंडेल."

अशी मी नोकरीला लागले. साठ सालानंतरची ती पहिली काही वर्षं. पालघर तेव्हा स्टेशन, बाजार, तालुक्याची कचेरी आणि भोवती भातखाचरं एवढंच होतं. बोईसरला गाडीतून उतरलं की पहिल्यांदा वाळलेल्या गवताचा वास यायचा. तारापूरच्या बाजूला समुद्राकाठी मोठं वीजघर होणार म्हणून जमिनींची मोजणी चालली होती, आणि त्यामुळे हातात कागद घेतलेलं कोणीही दिसलं की लोक दारं लावून घेत. हे मला नंतर कळलं.

आम्हाला शिकवायला ठाण्याहून एक साहेब आले. किडकिडीत, कडक इस्त्रीचे, कोरड्या ऋतूतही छत्री बाळगणारे. एका रविवारी शाळेच्या रिकाम्या वर्गात त्यांनी आम्हा चौघांना लहान बाकांवर बसवलं. तिघे पुरुष आणि मी. कष्टकरी माणसं कशी राहतात याची ही पाहणी होती. मच्छीमार, सुतार, शेतमजूर, मास्तर, रेल्वेचा गँगमन, प्रत्येक धंद्यातली ठरावीक घरं. काय खातात, काय नेसतात, कंदिलाला किती घासलेट जळतं, सगळं लिहायचं. शेवटच्या पानावर एक प्रश्न होता. घर स्वतःच्या मालकीचे असल्यास, ते भाड्याने दिले असता दरमहा किती भाडे येईल?

"पण साहेब, ते भाड्याने देणारच नसतील तर?" आमच्यातल्या एकाने विचारलं.

"देणार नाहीतच. तरी विचारायचं." साहेबांनी फळ्यावर दोन घरं काढली. "हे दोघे गडी. पगार सारखा. पहिला महिन्याला दहा रुपये भाडं भरतो, दुसरा स्वतःच्या घरात राहतो. दोघांची परिस्थिती सारखी आहे का? नाही. दुसरा दहा रुपयांनी सुखी आहे, फक्त ते दहा रुपये त्याला दिसत नाहीत. तो स्वतःच घरमालक आणि स्वतःच भाडेकरू. एक तारखेला उजव्या हाताने डाव्या हाताला भाडं देतो, असं समजा."

आम्ही हसलो. साहेब हसले नाहीत. हा प्रश्न त्यांच्या जिव्हाळ्याचा होता. "आणि शून्य लिहायचं नाही," त्यांनी बजावलं. "शून्य म्हणजे घर नाही."

सराव म्हणून मी तो प्रश्न पहिल्यांदा घरीच विचारला. बाबा सुतार होते. स्टेशनच्या पूर्वेला आमचं घर त्यांनी हाताला काम नसेल त्या दिवशी थोडं थोडं करत तीन वर्षांत स्वतः उभं केलं होतं. मी गेले तेव्हा ते ओट्यावर रंधा मारत होते.

"बाबा, आपलं घर भाड्याने दिलं तर किती भाडं येईल?"

रंधा थांबला. "कोणाला द्यायचंय?"

"कोणालाच नाही. समजायचं."

"आणि आपण कुठे राहायचं?"

"इथेच."

"भाडेकरूबरोबर?"

मी उजव्या हाताचं आणि डाव्या हाताचं सांगितलं. त्यांनी आपल्या दोन्ही हातांकडे नीट बघितलं. "आणि मी दोन महिने भाडं थकवलं तर? मीच मला सामानासकट रस्त्यावर काढायचं?"

थट्टा झाल्यावर मात्र त्यांनी विषय मनावर घेतला. रंधा बाजूला ठेवून ते उठले आणि जणू दुसऱ्याचं घर बघायला आल्यासारखे दारातून आत शिरले. चौकटीवर टकटक केली. "सागवान. मनोरच्या जंगलातला. आता असा मिळत नाही." तुळईखाली उभं राहून वर बघितलं. "हिला एक गाठ नाही." असं करत करत ते चौदा रुपयांपर्यंत गेले.

"चौदा?" चुलीपाशी बसलेल्या आईने विचारलं. "पावसात चार ठिकाणी भांडी मांडावी लागतात, त्याचे किती कापलेत? विहीर दोन घरं सोडून आहे. पाणी आणताना तुमची तुळई येते का मदतीला?"

"मग तू सांग."

"सहा. तेही भाडेकरू भोळा असला तर."

त्या दिवशी जेवणं उशिरा झाली. शेवटी नऊ रुपयांवर तडजोड झाली आणि दोघंही मला म्हणाली की खरा आकडा त्यांचाच होता. मला एक गोष्ट तेव्हा समजली. बाबा घर बांधण्याची किंमत सांगत होते, आई त्यात राहण्याची, आणि साहेबांच्या पानावर दोघांना मिळून एकच रकाना होता.

पालघरात काम सोपं होतं. कारकून, मास्तर, दुकानातले नोकर यांच्या शेजारी कोणी ना कोणी भाडेकरू असायचा, त्याचं भाडं बघून सांगता येई. हेडमास्तरांचं पक्क्या भिंतींचं घर पंधरा रुपयांचं ठरलं आणि त्यांना तो आकडा फार आवडला. मग मला किनाऱ्याची यादी मिळाली. त्यात दांडी हे मच्छीमारांचं गाव होतं.

बोईसरला गाडीतून उतरायचं, एस.टी. मिळाली तर तिने, आणि ती सोडेल तिथून चालत. दिवाळी होऊन गेलेली होती, बोंबलाचा हंगाम ऐन भरात. गावाजवळ गेले तर घरांआधी बांबूंचे उंच मांडव दिसले. त्यांवर दोऱ्या ताणलेल्या आणि दोऱ्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले. वारा आला की सगळी रांग एकदम हलायची. मी कागद काढून पहिल्या घराचा नंबर शोधत होते एवढ्यात कोणीतरी ओरडलं, "मोजनीवाली आली!"

पाच मिनिटांत माझ्याभोवती वीस-पंचवीस बायका. हातातले कोयते त्यांनी मुद्दाम आणले नव्हते, मासळी साफ करता करता तशाच उठून आल्या होत्या, पण ते समजायला मला वेळ लागला. त्यांनी मला एका अंगणात नेलं. तिथे पन्नाशीची एक बाई फाटकं जाळं मांडीवर घेऊन बसली होती. नवरा आणि दोन मुलगे समुद्रावर होते, गावातला कोणताही तंटा आधी तिच्या अंगणात यायचा. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कागद वाच."

मी वाचत गेले. खाणं, कपडे, घासलेट यांवर कोणी काही बोललं नाही. शेवटचा प्रश्न वाचला मात्र, आणि गलका झाला.

"घर भाड्यानं देव? आनि आमी जाव कुठं?"

"सरल बोल ना, घर खाली करा!"

त्या बाईने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "हे बघ बाय. कमी सांगितलं तर घर सोस्तात घेशीला. जास्त सांगितलं तर घरपट्टी वाढवशीला. मंग आमी काय सांगायचा?"

याचं उत्तर साहेबांनी शिकवलेलं नव्हतं. मी खरं तेच सांगितलं. "मावशी, या कागदावरून कोणाचं घर घेता येत नाही असं आमच्या साहेबांनी सांगितलंय. मला तेवढंच ठाऊक आहे. जमिनीचं पुढे काय होणार ते मला माहीत नाही. माझा बाप सुतार आहे. त्यालाही हाच प्रश्न विचारला मी."

"तो काय बोलला?"

"तो चौदा म्हणाला, आई सहा म्हणाली."

यावर पहिल्यांदा कोणीतरी हसलं. मग मला आईचं सगळं भांडण विहिरीसकट सांगावं लागलं, आणि दोन बायकांनी लगेच आईची बाजू घेतली. मावशी जाळ्यातून सुई ओवत ऐकत होत्या. "तुजी आई बरोबर," त्या म्हणाल्या. "पन माजं घर दारातून बघून नाय कळायचं. किती दिस यायचं हाय तुला?"

त्यांचं घर माझ्या यादीत होतं, आणि नियमाप्रमाणे तिथे चार दिवस सलग जाऊन रोजचा खर्च लिहायचा होता. रोज पालघरहून ये-जा म्हणजे अर्धा दिवस वाटेतच जायचा.

"मंग रा हितंच," मावशी म्हणाल्या. "आमच्या बायका सकालच्या गाडीनं पालघरच्या बाजारात जातात. तुज्या आईला निरोप देतील."

निरोप गेला. दुसऱ्या दिवशी मासळीच्या रिकाम्या टोपलीतून माझं पातळ आणि आईचा उलट निरोप आला, 'हिला माशाचे काटे काढता येत नाहीत, लक्ष ठेवा.' तो निरोप सबंध गावाने ऐकला.

ते चार दिवस मी कधी विसरणार नाही. घर म्हणजे तीन खोल्या, कौलं, मागे पडवी. पण घरात कोणी फारसं नसायचंच. पहाटे होड्या लागल्या की टोपल्या थेट अंगणात यायच्या. अंगण शेणाने सारवून असं लख्ख ठेवलेलं की सांडलेला भात वेचून खावा. मला बोंबील अडकवायला शिकवलं. माझे निम्मे वाऱ्याने खाली पडायचे, मग मावशींची सून न बोलता मागाहून येऊन ते पुन्हा लावायची. तिसऱ्या दिवशी तिला माझ्या मागे यावं लागलं नाही, आणि मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशीही मला इतका आनंद झाला नव्हता.

त्याच दुपारी मी एक गोष्ट बघितली. शेजारची एक बाई अंगणाच्या कडेच्या दोन मांडवांवरून स्वतःचे सुकलेले बोंबील काढत होती. काढून झाल्यावर तिने एक भरलेली टोपली मावशींच्या ओट्यावर ठेवली आणि निघून गेली.

"हे कशाचं, मावशी?"

"तिला अंगन नाय. माज्यात सुकवते. मंग टोपली देते."

मी जागची उठलेच. "म्हणजे हे भाडंच झालं!"

"अंगनाचं हाय भाडं," मावशी शांतपणे म्हणाल्या. "घराचं नाय. तू अंगनाचं कदी इचारलंस?"

मी कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्यासमोर बसले. अर्धं अंगण वर्षानुवर्षं असं दिलेलं होतं. महिन्याला तीन टोपल्या यायच्या. सुक्या बोंबलाची टोपली बाजारात पाच रुपयांना जायची. म्हणजे अर्ध्याचे पंधरा, सबंध अंगणाचे तीस. हंगाम सात महिने, पावसात अंगण रिकामं. दोनशे दहा भागिले बारा.

"साडेसतरा रुपये," मी म्हणाले. "महिन्याला. आणि घराचे किती धरू?"

मावशींनी विचार केला. "घर अंगनाबरूबर. घर नसंल तर कावल्या-कुत्र्यांपासून अंगनाची राखन कोन करील?"

मी साडेसतरा लिहिलं. इतक्या खात्रीने मी तोवर एकही रकाना भरला नव्हता.

साहेबांनी तो कागद बघितला तेव्हा त्यांचा चष्मा नाकावर खाली आला. "अहो बाई, मच्छीमाराच्या घराला साडेसतरा? हेडमास्तरांचं पक्कं घर पंधराचं आहे."

"हेडमास्तरांच्या अंगणात बोंबील वाळत नाहीत, साहेब."

"हे घरभाड्याचं पान आहे, मासळीबाजाराचं नाही. सहा करा."

बाबांचा हट्ट माझ्यात आहे असं आई नेहमी म्हणायची. मी पेन्सिल खाली ठेवली. "तुम्ही लिहा, साहेब. तुमच्या अक्षरात असू दे. मी तिथे चार दिवस राहिलेय, माझ्याच्याने सहा होणार नाही."

मला वाटलं, नोकरी गेली. साहेबांनी छत्री उचलली, खाली ठेवली. "उद्या सकाळच्या गाडीने," ते म्हणाले. "मी स्वतः बघतो."

गावाजवळ आलो तसा त्यांनी रुमाल नाकाला लावला तो अंगणात पोचेपर्यंत काढला नाही. मावशींनी त्यांना ओट्यावर बसवलं, गुळाचा चहा दिला. चहा प्यायला रुमाल काढावाच लागला.

"साहेबांना आकडा जास्त वाटतोय, मावशी," मी म्हणाले.

"मंग सा लिवा," मावशी लगेच म्हणाल्या. "साच द्या मना, आनि उद्यापासून अंगन तुमचं. फकस्त माजे बोंबील कुठं सुकवायचे ते सांगून जा."

साहेब उत्तर द्यायच्या बेतात होते तेवढ्यात अंगणाच्या तोंडाशी खाकी पँटमधला एक माणूस येऊन उभा राहिला. वीजघराच्या कामावरच्या एका कंत्राटदाराचा मुकादम होता तो. असे मुकादम त्या दिवसांत किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांतून जागा शोधत फिरत होते.

"मौसी, मकान मिलेगा? तीन फिटर हैं. आँगन में सामान रखेंगे. पूरे का बीस रुपया देंगे."

मी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी कप खाली ठेवला होता.

मावशींना हिशोब पाठ होता. "बीस? आंगन का साडेसतरा होता हाय. मंग माजा घर काय अडीच रुपये का? चल!"

मुकादमाला काहीच समजलं नाही. तो बावीस म्हणाला, मग पंचवीस. मावशींनी जाळं मांडीवरून खाली ठेवलं आणि त्याला मागच्या पडवीकडे नेलं. तिथून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं, त्याचं हिंदी आणि यांचं त्याहून मोठ्या आवाजातलं हिंदी. परत आल्या तेव्हा पडवी पाच रुपयांना गेलेली होती, फिटरांनी अंगणात पाय ठेवायचा नाही या अटीवर.

"अंगन दिलं तर मी काय करू?" त्या साहेबांना म्हणाल्या. "पैसे चाटू?"

साहेबांनी माझ्याकडून कागद मागून घेतला. साडेसतरावर काही खाडाखोड केली नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'तपासले, योग्य.' मग सही केली. निघताना मावशींच्या सुनेने त्यांना सुक्या बोंबलाचा पुडा दिला. साहेब म्हणाले, "आम्ही खात नाही." पण पुडा त्यांनी छत्रीत घालून नेला, आणि त्यांच्या घरी ते कोण खात होतं हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

त्यानंतर साहेब बदलले. कचेरीत बसून कागद तपासण्याऐवजी आठवड्यातून दोनदा आमच्याबरोबर येऊ लागले. पाहणीच्या सूचनांच्या पुस्तकात लिहिलेलं नसेल ते विचारू लागले. कुंभाराकडे गेलो तर भट्टीची जागा, गवळ्याकडे गोठा. "याच्याशिवाय घर घ्याल का?" हा त्यांचा नवा प्रश्न होता, आणि उत्तर मिळालं की त्यांचा चेहरा खुलायचा.

आता त्यांना वाटत होतं की जगात असं एकही घर नाही ज्याचं भाडं शोधून काढता येणार नाही. या उत्साहात आम्ही बेटेगावच्या पुढच्या एका पाड्यावर गेलो. वरकस जमिनीवर पावसाच्या भरवशावर भात-नागली करणारी दहा-बारा घरं. यादीतलं घर एका म्हाताऱ्याचं होतं. कारवीच्या कुडाला आतून-बाहेरून शेणमातीचा लेप, वर गवताचं छप्पर. मुलगा आणि सून भाताची झोडणी आटोपली की गवत कापायच्या कामाला बाहेर जाणार होती. म्हातारी अंगणात भात पाखडत होती.

साहेबांनी स्वतः विचारलं. म्हाताऱ्याने प्रश्न दोनदा ऐकला.

"भाड्यानं म्हंजे?"

"म्हणजे दुसऱ्या कोणाला राहायला द्यायचं आणि त्याने महिन्याला पैसे द्यायचे."

"त्याला घर नाय?"

"नाही."

"का नाय?"

"समजा, तो बाहेरगावचा आहे."

"मंग त्याला बांधून देव," म्हातारा म्हणाला. "दोन दिसांचा काम. सगला पाडा येतो. त्यानी फकस्त जेवान द्यायचा."

"बरं, जेवण. आणि नंतर भाडं किती?"

"कोनाला?"

"तुम्हाला."

म्हातारा हसायला लागला. म्हातारीने सूप खाली ठेवलं. तिलाही त्याने सांगितलं आणि तीही हसली. "घर त्याचा," तो साहेबांना समजावत म्हणाला, जसे साहेब आम्हाला वर्गात समजावत तसा. "त्याच्या घराचा भाडा मना कशाला?"

साहेबांनी आणखी एकदा प्रयत्न केला. माझ्याकडे बोट दाखवलं. "समजा, या बाईंना इथे राहायचंय."

म्हाताऱ्याने मला नीट बघून घेतलं. "एकली?"

"हो."

"मंग ल्हान पुरल. त्या मोहाच्या झाडाच्या अंगाला जागा हाय. झोडनी झाली का बांधू."

आम्ही तिथे नागलीची भाकरी आणि चटणी खाल्ली. परत येताना बोईसरच्या स्टेशनवर बाकावर बसून साहेबांनी पान मांडीवर घेतलं आणि भाड्याच्या रकान्यात आडवी रेघ ओढली. तशी रेघ ओढायला पुस्तकात सक्त मनाई होती. शेऱ्यात लिहिलं, 'या वस्तीत घर भाड्याने देण्याची पद्धत नाही. गरजूस बांधून देतात.'

"वरून परत पाठवतील," ते म्हणाले.

"मग?"

"मग त्यांना घेऊन येऊ इथे."

ते पान परत आलं की नाही मला माहीत नाही. सहा महिने संपले, माझा ट्रेनिंग कॉलेजला नंबर लागला. पण महिन्याभराने म्हातारा लाकडाची मोळी विकायला पालघरच्या बाजारात आला तेव्हा मला शोधत थेट आमच्या घरी पोचला. "बाय, तुज्या घराच्या मेढी तोडून ठेवल्यात. कदी येते?" साहेबांचं 'समजा' त्याने करार म्हणून घेतलं होतं. मला फार ओशाळं झालं. शिकायला चालले आहे, शिकून झालं की बघू, असं काहीतरी म्हणाले. "बरा," तो म्हणाला. "मेढी काय, राहतील." बाबांनी त्याला चहा दिला आणि दोघं कोणत्या लाकडाला वाळवी लागत नाही यावर तासभर बोलत बसले.

दोन वर्षांनी शिक्षिकेची नेमणूक झाली तेव्हा कुठलं गाव हवं ते अर्जात लिहायचं होतं. म्हाताऱ्याच्या त्या पाड्यावर एका मांडवात नुकतीच शाळा सुरू झाली होती आणि तिथे जायला कोणी तयार नव्हतं. मी ते नाव लिहिलं. खात्यातल्या लोकांना वाटलं, मुलगी चुकली. त्यांनी मला बोलावून विचारलंसुद्धा. "राहणार कुठे? तिथे भाड्याने खोली मिळत नाही."

"माहीत आहे," मी म्हणाले.

घर दोन दिवसांतच झालं. पहिल्या दिवशी गड्यांनी मेढी रोवल्या, वासे चढवले, वेलींनी बांधले. एक खिळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी बायकांनी कारवीचे कूड उभे केले आणि शेणमातीचे गोळे थापायला सुरुवात केली. मीही कोपरापर्यंत चिखलात होते. मुलं पाणी आणत होती, सांडत होती, ओरडा खात होती. छपरावर बसलेल्या गड्यांपैकी कोणी एक ओळ गायचा, मग दुसरा, आणि खालून बायका त्यांना उत्तर द्यायच्या. ते माझ्याबद्दल होतं एवढं हसण्यावरून कळत होतं.

दुपारच्या आत म्हातारी तीन दगड घेऊन आत आली.

"चूल कुठं मांडू?"

"तुम्ही सांगाल तिथे."

"मी का सांगू? घर तुजा." ती दगड हातात धरून उभीच राहिली. ओल्या भिंतींचा वास येत होता, छपराच्या एका बाजूला अजून आभाळ दिसत होतं. मी आजवर कोणाच्या तरी घरात राहिले होते आणि कितीतरी घरं कागदावर उतरवली होती, पण हे कोणी मला कधी विचारलं नव्हतं. मी फिरून चारी कोपरे बघितले. मग खिडकीसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेपाशी, जिथून शाळेचा मांडव दिसत होता, तिथे बोट दाखवलं.

तिने दगड मांडले, हलतात का ते बघितलं, आणि काटक्या पेटवल्या. त्या चुलीवर पाड्याचं सगळ्यात मोठं भांडं चढलं. भात कमी पडणार असं मला वाटत होतं, पण पुरला. पंगतीवर पंगती उठल्या, आणि घरधनीण म्हणून मी सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसले.